स्वल्प जड, स्वल्प हलकं

आमच्या शुक्रवार पेठेतले शिवलिंगप्पा डाव्या हाताची थरथर बशीत मोजतात. भरलेला कप डाव्या हातात धरायचा, शंभर आकडे म्हणायचे आणि बशीत किती सांडलं ते बघायचं. "आज दोनच घोट," ते समाधानानं सांगतात. चहा माझा, बशी माझी, पुसायची फरशीही माझीच.

उजवा हात ठणठणीत आहे. "मग त्यानंच प्या की चहा," मी म्हटलं.

"चहाचं कोन बोलायलाय?" अप्पा म्हणाले.

डॉक्टरांनी त्यांना मोबाईलवर थरथर कमी करणारा परदेशी पट्टा दाखवला होता. "किंमत ऐकून हात दोन मिनिटं थांबला बघ, सुनंदा," अप्पांनी मला सांगितलं. डॉक्टर म्हणाले, घरी मनगटासाठी वजनाचा पट्टा करून बघायला हरकत नाही. माझं शिलाई मशीन समोरच्याच दारात, त्यामुळे साडेसाती मला लागली.

पहिल्या पट्ट्यात ज्वारी भरली, तिला किडे लागले. दुसऱ्यात वाळू, अप्पा जातील तिथं रेघ. तिसऱ्यात टायरवाल्याकडचं शिसं. दर वेळी पट्टा बांधून अप्पा म्हणायचे, "स्वल्प जड झालं." कानडीत स्वल्प म्हणजे थोडं. दुसऱ्या दिवशी, "स्वल्प हलकं झालं. उसव की." शिवाय वजनाचा कप्पा मनगटाच्या खालीच पाहिजे. एकदा चुकून वर शिवला, तर दिवसभर बोलले नाहीत. उसवून उसवून मी मेटाकुटीला आले.

परवा सकाळी नवा पट्टा द्यायला गेले. दार उघडंच होतं. अप्पा पूजेला बसले होते. लिंगायतांच्या रीतीप्रमाणे डाव्याच तळहातावर इष्टलिंग, उजव्या हातात फूल. तळहात थरथरायला लागला. फूल टाकून त्यांनी उजव्या हातानं लिंग सावरलं आणि तसेच बसून राहिले. मग पूजा अर्धीच ठेवून लिंग डबीत ठेवलं.

मला बघून ओशाळले. "गंगव्वा होती तवर तिचा हात खालून असायचा," म्हणाले. "लिंग पडलं तर तिला काय तोंड दाखवू?"

गंगव्वा त्यांची बायको. दिवाळीच्या आधी गेली.

दोन महिने मी या माणसावर करवादत होते, त्याची लाज वाटली. पुढं होऊन मी त्यांच्या मनगटाखाली माझा हात धरला. "असा असायचा का, अप्पा?"

अप्पांनी डोळे मिटले.

"न्हाय," म्हणाले. "स्वल्प हलका."

मी पट्टा घेऊन घरी आले आणि पुन्हा उसवायला बसले.