मोहाखालची पाहणी

टण्ण! साधनाच्या हातून चहाचा चमचा सुटला आणि फरशीवर नाचत नाचत ओट्याखाली गेला. घर पुन्हा गप्प झालं. तिनं श्वास रोखला. पण आतल्या खोलीत मच्छरदाणी हललीच.

"आई, तू कुठी चालली? मी पन येते."

चार वर्षांच्या भागूला बाबाजवळ झोपलेलं ठेवून पोंभुर्ण्याला सटकायचा बेत चमच्यानं उधळला. रडारड नको म्हणून साधनानं फाइल, पाण्याची बाटली, बिस्किटं आणि अर्धी झोपेतली लेक असं सगळंच गाडीत घातलं.

साधना मालकांची वकील. कामावर कुणाला इजा झाली, त्यानं भरपाई मागितली, की चंद्रपूरचे वीटभट्टीवाले, गिरणीवाले तिच्याकडे धावत. माणूस जखमी झाला हे ती कधीच नाकारायची नाही. फक्त नेमक्या त्या क्षणी तो कामावर नव्हता, एवढंच शांतपणे दाखवून द्यायची. कोणी तंबाखूचा खर्रा घोटत होता, कोणी कुत्रं हाकलत होता. एक जण तर जांभई देत होता. "जांभई मालकासाठी नव्हती, साहेब," असं ती म्हणाली होती, आणि जिंकली होती.

आजची केस गोपालभाऊंच्या राइस मिलची. पोचू नावाचा हमाल मिलमागच्या, कोंड्यानं तोंडापर्यंत भरलेल्या खड्ड्यात पडला आणि त्याचा पाय मोडला. खड्ड्याशेजारी मोहाचं झाड. साधनानं लेखी उत्तर दिलं होतं की पोचू मोहाची फुलं वेचायला गेला होता, सबब तो कामावर नव्हता. हे कोर्टाला पटलं, की पोचूच्या हाती काहीच लागणार नव्हतं. सोमवारी सुनावणी होती. त्याआधी जागा एकदा नजरेखालून घालावी, म्हणून ही फेरी.

ती पोचली तेव्हा मिल बंद होती आणि मागचं अंगण जणू स्वप्नातच होतं. धुकं होतं की कोंड्याची धूळ, कळत नव्हतं. झाडाखाली पिवळसर, रसाळ फुलांचा सडा पडला होता आणि वरून आणखी फुलं सावकाश, कुणी न बोलावता, टप टप उतरत होती. वास असा गोड, जड, की डोळे आपोआप मिटावेत. भागू फ्रॉकमध्ये फुलं गोळा करू लागली. साधना फक्त पाहत उभी राहिली. मग एक फूल तिनं उचललं, नुसतं बघायला. मग दुसरं. आजोळी मामीच्या मागं टोपली घेऊन फिरणारी परकरातली साधना कधी जागी झाली, तिलाच कळलं नाही. ओढणीची झोळी भरली. पुढचं फूल कोंड्यावर पडलं होतं. कोंडा कसा मऊ, सपाट, जमिनीसारखा.

"अगे माय वो!"

कोर्टात कधी न निघालेली भाषा एकदम बाहेर आली. साधना कमरेपर्यंत कोंड्यात होती आणि तळाच्या दगडांत पाय मुरगळला होता.

मिलला लागूनच पोचूचं घर. तो कुबडीवर उड्या मारत आला, मागून त्याची बायको चंदा.

"काठी धरा, बाई! घट्ट धरा!" पोचूनं कुबडी पुढं केली आणि स्वतः झाडाला टेकला. साधनानं विरुद्ध पक्षाची कुबडी दोन्ही हातांनी पकडली. चंदानं काखेत हात घालून तिला ओढून काढलं आणि खाटेवर बसवलं.

तेवढ्यात कडुलिंबाचं दातून चावत गोपालभाऊ आले. त्यांनी पाय पाहिला, ओढणी पाहिली आणि आधी मोबाइल काढला.

"फोटो काय काढता, भाऊ? दवाखान्यात न्या मला!"

"तुमीच सांगतलं होतं ना म्याडम, पुरावा लगेच घ्याचा म्हून. तुमी तं मोह येचून राह्यल्या होत्या. माह्या कामावर नोत्या."

"मी पाहणीला आले होते!"

"आईनं लय येचले!" भागूनं अभिमानानं साक्ष दिली. "माह्याहून जास्त!"

"पाहा," गोपालभाऊ म्हणाले.

साधनाचा पाय ठणकत होता. त्याहून तिचं डोकं ठणकलं.

"गोपालभाऊ, मी इथं आले कोणासाठी? तुमच्या मिलसाठी! कामावरचा माणूस क्षणभर वाकला म्हणून काय तो कामावरून उतरतो? फूल पडलं की हात जातोच, या मुलखात कोणाचा जात नाही ते दाखवा! आणि खड्डा उघडा ठेवला कोणी? कठडा नाही, पाटी नाही. माणसानं पडायचंच बाकी ठेवलं तुम्ही!"

वरून आणखी एक फूल टपकलं.

"बाई," चंदा हळूच म्हणाली, "लय झ्याक बोलता जी तुमी. आमच्या वकिलाले तं असं बोलताच येत नाई."

"सोमवारी असंच बोला बाई," पोचू म्हणाला, आणि मग आपणच घाबरून कुबडीकडे पाहू लागला.

गोपालभाऊंच्या तोंडातलं दातून थांबलं. "म्याडम, तुमी माह्या वकील का त्याईच्या?"

साधनानं ओढणीची झोळी सोडली आणि फुलं खाटेवर ओतली. चंदा तिच्या सुजलेल्या पायाला गरम हळद लावत होती आणि पोचूचा पाय शेजारीच लांब पसरला होता. भागू एकदा या पायाकडे, एकदा त्या पायाकडे बघत राहिली. मग आईच्या मांडीवर चढून तिच्या केसांतला कोंडा टिपता टिपता म्हणाली,

"आई, तू तं मालकाईकडूनच भांडते ना? मंग तुह्याकडून कोण भांडन?"