बारा पंखे आणि एक यादी

यादी हरवल्याचं वासुदेव गुरुजींना सोमवारी सकाळी कळलं. पुतळीची नोकरी आता आपल्या विसराळूपणावर टांगली आहे, हेही त्याच वेळी कळलं.

पत्नी वसुमती गेल्यापासून घर खायला उठत होतं, म्हणून निवृत्त गुरुजींनी मुंबईच्या एका संस्थेसाठी कारखान्यांतल्या सोयींच्या सर्वेक्षणाचं काम धरलं होतं. डहाणूतल्या फुग्यांच्या कारखान्याचे मालक शैलेशभाई यांनी एक फॉर्म भरला. त्यांच्या एकतीस कामगारांचे फॉर्म गुरुजींनी तलासरीच्या पाड्यांवर जाऊन भरले. फॉर्मवर नाव नाही, फक्त नंबर. कुठला नंबर कोणाचा आणि कुठल्या कारखान्यातला, हे एकट्या यादीत. तिच्या आधारे मालकाचं आणि कामगारांचं म्हणणं शेजारी ठेवून बघायचं होतं.

"मालकाला नाय ना कळणार?" फॉर्म भरताना त्या एकतीसांतल्या पुतळीने तीनदा विचारलं होतं.

"शब्द देतो."

मग ती बोलली. रबरात घालायच्या औषधाच्या वासाने डोळे झोंबतात. पंखा एकच, तोही मालकाच्या डोक्यावर.

गुरुजींनी पिशवी उलटी केली, स्कूटरची डिकी उपसली. शनिवारी शैलेशभाईंकडे चहा घेतला होता. ते तिथे गेले.

"माझा एक कागद राहिलाय का इथे?"

"कसला कागद?"

"साधाच."

"साध्या कागदासाठी सकाळी नऊला?" शैलेशभाईंनी केबिनचं दार लावून घेतलं. "वासुदेवभाई, खरं बोला."

गुरुजींना खोटं जमत नसे. त्यांनी यादीचं काम सांगितलं, नावं सांगितली नाहीत.

"म्हणजे माझा फॉर्म आणि त्यांचे फॉर्म बाजूबाजूला ठेवणार? आणि यादी कोणाकडे आहे ते तुम्हालाच ठाऊक नाही?"

"नाही."

"पालघरला कामगार खात्याच्या साहेबाच्या टेबलावर गेली असेल तर?"

शैलेशभाईंनी घाम पुसला. फॉर्मवर 'पंखे : बारा' असं त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलं होतं.

बुधवारी वापीहून टेम्पो आला. त्यात अकरा पंखे होते.

गुरुवारी पुतळी आणि तिचा नवरा हाल्या गुरुजींच्या ओट्यावर हजर.

"दिलीत ना यादी मालकाला?" पुतळी म्हणाली.

"नाही गं बाई."

"मग पंखा कसा आला? दहा वर्षं डोळे पुसले, तवा नाय आला. मी बोलली नि आला. बरोब्बर माझ्या डोक्यावर!"

"कोंबडा कापायच्या आधी दाणे टाकतात, तसं हाय ते," हाल्या म्हणाला.

दुसऱ्या दिवसापासून कामगार घाबरून मालकाची तारीफ करू लागले. "शेठ, वारा लई गोड!" एकाच दिवसात नऊ जणांनी हे म्हटलं, तेव्हा शैलेशभाईंची खात्रीच पटली की यांना कोणीतरी बाहेरून शिकवतंय. त्यांनी घाईघाईने गार पाण्याची टाकीही बसवली.

रविवारी गुरुजी वसुमतीच्या फोटोवरची धूळ पुसत होते. मागून कागद खाली पडला. यादी.

चौतीस वर्षं महत्त्वाचा कागद हातात आला की ते म्हणत, "वसू, हे जपून ठेव." शनिवारीही तसंच म्हणत यादी फोटोमागे ठेवली असणार.

"ठेवलास की," ते फोटोला म्हणाले.

यादी बंद पाकिटातून संस्थेत गेली. पंधरा दिवसांनी तिथल्या अदितीचा फोन आला.

"काका, फॉर्म जोडले. मालक म्हणतो पंखे बारा, एकतीस कामगार म्हणतात एक. जरा मोजून या ना."

गुरुजी मोजून आले. "बारा आहेत."

"म्हणजे कामगार खोटं बोलले?"

"नाही हो, ते खरंच बोलले."

"मग मालक?"

"तो खोटं बोलला होता. आता ते खरं झालंय."

"काका, तुम्ही नक्की कोणाच्या बाजूचे?"

अदितीला सगळं सांगायला अर्धा तास लागला. यादी कोणाच्या हाती लागली नव्हती हे सांगायला गुरुजी पाड्यावर गेले, तेव्हा पुतळीने आधी हाल्याकडे बघितलं, मग गुरुजींकडे.

"शप्पथ?"

"वसुमतीची."

पुतळीने श्वास सोडला. "मग शेठला नका सांगू. पंखे काढून नेईल तो."

अदितीच्या सांगण्यावरून एकतीस फॉर्म गुरुजींनी कामगारांना विचारून पुन्हा भरले, या वेळी पंखे बारा. यादी सापडल्याचं शैलेशभाईंना सांगायचं मात्र अजून राहिलं आहे.