मोखाड्याच्या मोटारीचे कुळशोधन

श्रीजगदंबा प्रसन्न. वाचणारे स्वामी चतुर आहेत, त्यांस विनंती ऐसी की, थोरांच्या लढाया लिहिणारे बहुत जाहले, परंतु जव्हारचे संस्थान मुंबई राज्यात विलीन जाहल्यावर एका मोटारीच्या कुळाकरिता जे रण पडले, त्याकरिता कोणी बोरू उचलला नाही. सबब हकीकत जैसी घडली तैसी लिहितो, पदरचे घातले असल्यास गोडीपुरतेच.

जव्हार ते मोखाडे या मुलखाच्या रस्त्यावर राजश्री भिकाजीराव मोटारहाके यांचा अंमल होता. गावात त्यांस भिका म्हणत, आणि बायको धोंडीबाई त्याहूनही थोडके म्हणे. त्यांची मोटार संस्थानी अमदानीत कोठून आली हे कोणास ठाऊक नव्हते, आणि रूप तिचे जगावेगळे. दार पाठीशी, तेही फळीसारखे खाली पडे आणि रयत त्यावरून चढून आत जाई. खिडक्या इतक्या उंच की बसल्या माणसास केवळ आभाळ दिसे. भिंतींस लोखंडी कड्या, त्या धरून घाट चढावा. आणि पुढे आडवी लाकडी डोणी, तीत बाजारच्या बायका कोंबड्या ठेवीत. पावसाळ्यात आतून एक वास सुटे, तो जो तो शेजाऱ्याचा समजे.

मग ठाण्याहून मोटारखात्याचे सरदार राजश्री गजाननराव कर्णिक इन्स्पेक्टर, चष्मा, छत्री आणि फिरकीचा तांब्या ऐशा सरंजामानिशी दाखल जाहले आणि हुकूम फर्माविला की, नव्या राज्यात बेवारस वाहन चालणार नाही, मोटारीचे मूळ आणि कारखाना शाबीत करावा, नपेक्षा आखाजीच्या, म्हणजे अक्षय्यतृतीयेच्या, सणास ती मोडून लोखंड विकावे. भिकाजीरावांच्या पायांखालची जमीन सरकली. भाकरी जाईल ही चिंता होतीच, परंतु जिच्यात बसून अर्धे मोखाडे लग्नास गेले आणि बाळंतिणी लेकरे घेऊन परतल्या, तिला कोणी बेवारस म्हणावे हे त्यांस फार लागले.

मग कचेरीत मसलत बसली. हेडक्लार्कांनी मत दिले की, ही तोफखान्याची गाडी, डोणीत गोळे ठेवीत. शाळेच्या मास्तरांनी कड्या पाहून निवाडा केला की, हा फिरता बंदीखाना, कड्यांस कैदी बांधीत. मग वाग्युद्ध माजले, आणि चहा थंड जाहला, आणि गजाननरावांनी उभयतांचे म्हणणे खारीज करून फर्माविले की, विलायती मोटारीच्या नाकावर कारखान्याची पितळी पाटी असते, ती हजर करा. नाकावर पाहतात तो नुसती खिळ्यांची भोके.

भिकाजीराव खाली पाहू लागले, कारण पाटी कोठे आहे हे त्यांस पक्के ठाऊक होते. मागे एकदा घाटात ब्रेक गेला आणि भरली मोटार दरीकडे मागे मागे चालली. त्या दिवशी पोशेरा गावचा ढवळू आपल्या घराण्याच्या मानाचा बोहाड्यातला रावण, म्हणजे दहा तोंडांचा मुखवटा, जव्हारास रंगवून आत घेऊन बसला होता. देवादिकांची सोंगे रात्रभर नाचवितात त्या बोहाड्याच्या उत्सवात रावणही देवच. भिकाजीरावांनी रावणास हाक घालून नवस बोलिला, मोटार दरडीस टेकून थांबली, आणि नवस फेडावयास त्यांनी मोटारीचे सर्वांत झळझळीत जे होते ते उपटून रावणाच्या मधल्या मुकुटास वाहिले. आता मोटार वाचवावी तर देवाचे परत मागावे, न मागावे तर मोटार जावी, ऐसे संकट. त्यांस अन्न गोड लागेना.

"देवाला दिलं ते मांगू नको," धोंडीबाईंनी भाकरी थापता थापता फर्मान काढले, "सायबालाच दर्शनाला ने."

"सोंग बोहाड्याबिगर निघत नाय."

"मंग बोहाडा आखाजीच्या आदीच हाय न्हवं? तवाच ने."

मग पाटी दाखवावयास त्याच मोटारीतून साहेबांची स्वारी पोशेऱ्यावर चालून गेली. सोंगांमागून सोंगे नाचली, आणि उजाडता उजाडता संबळाच्या ठेक्यावर रावण बाहेर पडला. मुखवट्यास ढवळूवाचून कोणी हात लावू नये, आणि देवीपुढे पोहोचेतो त्याने नाच सोडू नये, ऐसी तेथील रीत. गजाननरावांनी क्षणभर उभे राहण्याचा हुकूम दिला, तो मुखवट्याच्या आतून जबाब आला, "रावण थांबत नाय सायेब, तुमीच चला!"

मग सरकारचे सरदार रावणासमोर उलट्या पावली नाचू लागले. रावण पुढे आला की साहेब मागे, रावण मागे गेला की साहेब पुढे, आणि एका फेरीत मुकुटावरील पाटीचा एक शब्द हाती लागे. संबळवाल्यास वाटले साहेबांच्या अंगात वारे आले, त्याने ठेका वाढविला. आणि बाजारास कोंबड्या नेणाऱ्या गोजाबाईंनी रावणास ओवाळले, मग तेच ताट साहेबांवरून फिरविले. तेवढ्यात ऊन पितळेवर पडले आणि गजाननराव ओरडले की, गाडी विलायतेची, आणि शर्यतीचे घोडे वाहावयास बांधलेली!

संबळ थांबला नाही, परंतु माणसे थांबली. कड्या लगामांच्या, डोणी घोड्यांच्या चंदीची, म्हणजे हरभऱ्यादाण्याची, आणि वासाच्या आरोपातून इतक्या वर्षांनी शेजारी निर्दोष सुटले. भिकाजीरावांस मात्र नवी चिंता पडली, की आता घोड्यांच्या गाडीत माणसे कोण बसू देणार.

"म्हंजी इतकी वर्सं आमी घोडी व्हतो?" गर्दीतल्या म्हाताऱ्या देवजीने विचारले.

"घोडी नाय तं काय," गोजाबाई म्हणाल्या, "घाटात उतरून ढकलतो कोण?"

यावर सारा पोशेरा हसला आणि कपाळास कुंकू घेऊन गजाननरावही हसले, आणि तेथेच निवाडा जाहला की, कुळ शाबीत, मोटार बेवारस नव्हे, नंबर द्यावा. पाटी देवाची ती देवाकडेच राहावी. आणि दरसाल तपासणी बोहाड्याच्या पहाटे पोशेऱ्यास, साहेबांनी नाचत घ्यावी.

मोखाड्यास परतल्यावर माणसे पांगली, तेव्हा भिकाजीरावांनी मूठभर हरभरे आणून डोणीत टाकले. इतकी वर्षे तिला नुसते पेट्रोल पाजीत आलो, याचे त्यांस वाईट वाटले, आणि डोळे भरून आले. हरभरे दुसऱ्या दिवशी बाजारच्या कोंबड्यांनी खाल्ले, ते मोटारीस पावले ऐसे समजावे. येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली. मोर्तब.