मास्तरांच्या पायातला ब्रेक

गाडी शिकवणाऱ्या मास्तरांचा एक दावा होता, आणि कोणी विचारो न विचारो, ते तो ऐकवत. अठरा वर्षं शिकवतोय, पण माझ्या शेजारी बसून कोणी साध्या खांबालाही धक्का लावलेला नाही! आणि खरंच होतं ते. शिकवणीच्या गाडीत मास्तरांच्या पायाशी वेगळा ब्रेक असतो. शिकणाऱ्याने श्वास जरी जोरात घेतला, तरी मास्तरांचा उजवा पाय त्या ब्रेकवर पडलेला असे.

हेच मास्तर घरी वडिलांनाही चालवू लागले. बाबांना पार्किन्सन्स होता. हात थरथरायचा त्याचं एवढं नाही, पण चालता चालता पाय मध्येच जमिनीला चिकटायचे. गेल्या महिन्यात ते भर रस्त्यात असेच थिजले आणि दोन्हीकडच्या गाड्या तुंबल्या. मास्तरांनी त्याच संध्याकाळी फर्मान काढलं, "बाबा, उद्यापासून एकट्याने रस्ता ओलांडायचा नाही."

आता बाबांचा न्हावी होता रस्त्यापलीकडे. चाळीस वर्षं दर रविवारी दाढी तिथे, गप्पाही तिथेच. घरी दाढी करून द्यायला मास्तर तयार होते, पण बाबांनी तीन आठवडे गालाला वस्तरा लावू दिला नाही. घरात बोलणंही जवळपास बंद. शेवटी सूनबाई मध्ये पडली. "बाबा त्या पार्किन्सन्सवाल्यांच्या नाचाच्या वर्गाला जातात ना, तो एकदा डोळ्यांनी बघा. मग काय ते ठरवा."

"बघतो की," मास्तर म्हणाले. "शिकवण्यातलं कळतं मला."

वर्गाच्या दारातच बाबांचे पाय अडकले. मास्तर त्यांचा दंड धरणार, तोच नाचाच्या बाईंनी आतूनच टाळ्यांचा ताल धरला, "एक, दोन, तीन, चार, आणि डावा." बाबांचा डावा पाय उचलला गेला आणि बाबा आत! आत एक निवृत्त मुख्याध्यापिका होत्या. त्यांच्या हातात चहाचा कप ठरत नसे, पण गाणं सुरू झालं आणि तोच हात सावकाश, डौलात वर गेला. शर्टाचं एक बटण लावायला दहा मिनिटं घेणारे पोस्टमनकाका गिरकी घेत होते. मास्तरांना भरून आलं. ही माणसं रोज स्वतःच्या शरीराशी भांडून इथवर येतात आणि वर हसतातही, याचं त्यांना फार कौतुक वाटलं.

तेवढ्यात बाई म्हणाल्या, "सोबत आलेल्यांनीही रांगेत यायचं."

सगळ्यांनी हात धरले. बाबा जरा पुढे झुकले मात्र, मास्तरांचा उजवा पाय धाडकन फरशीवर! अख्खी रांग गचकन थांबली. "माफ करा, सवय," मास्तर पुटपुटले. पुन्हा गाणं, पुन्हा ब्रेक. तिसऱ्या वेळी पोस्टमनकाका धक्क्याने मागच्या खुर्चीत जाऊन बसले. नशीब, खुर्ची होती.

मुख्याध्यापिकाबाई हळूच मास्तरांजवळ आल्या. "कधीपासून आहे तुम्हाला?"

"काय?"

"पाय अडकण्याचा त्रास. लाजू नका हो, आमचंही सुरुवातीला असंच होतं."

बाबा महिन्याभरात पहिल्यांदा खळखळून हसले. नाचाच्या बाई मात्र हसल्या नाहीत. "तुमच्या वडिलांना आजार थांबवतो, तेवढं पुरे आहे," त्या म्हणाल्या. "तुम्ही नका थांबवू."

परतताना तोच रस्ता आला. मास्तरांनी मन घट्ट केलं. "बाबा, तुम्ही चला पुढे. मी धरणार नाही."

बाबा ओठांतल्या ओठांत मोजत निघाले. मास्तर दोन पावलं मागे. गाड्या थांबलेल्याच होत्या, पण त्यातली एक बोटभर पुढे सरकली, आणि मास्तरांचा उजवा पाय डांबरावर जो रुतला तो उचलेचना. गाड्या भोंगे वाजवू लागल्या. मास्तर रस्त्याच्या मधोमध, जीव खाऊन ब्रेक दाबतायत!

बाबांनी वळून पाहिलं. थरथरता हात पुढे केला. "एक, दोन, तीन, चार, आणि डावा."

मास्तरांचा डावा पाय उचलला गेला. मुकाट्याने, बापाचा हात धरून, ते पलीकडे पोचले.

न्हाव्याच्या पायरीवर बाबांनी हात सोडला आणि वाढलेली दाढी खाजवत म्हणाले, "उद्यापासून एकट्याने रस्ता ओलांडायचा नाही."