बांगड्या मागणारे काका

संक्रांतीचं हळदीकुंकू ऐन रंगात आलेलं असताना दारात उभं राहून, "वहिनी, एखादी फुटकी बांगडी आहे का?" असं विचारणारा माणूस आखातातल्या आमच्या अख्ख्या अल मजाज वस्तीत एकच, आमच्या शेजारचे वसंतकाका. सवाष्णींनी भरलेल्या खोलीत सगळे हात भराभर पदराआड गेले. इतके हात एका जागी पुन्हा कुठे सापडणार, असा त्यांचा साधा हिशेब. सासूबाई मात्र आठवडाभर त्यांच्या नावानं बोटं मोडत होत्या.

काका दिवसा टॉवरांना काचा बसवणाऱ्या कंपनीत इंजिनिअर आणि संध्याकाळी कलावंत. बाल्कनीत त्यांनी विजेची छोटी भट्टी ठेवली आहे. तिच्यात रंगीत काचांचे तुकडे वितळवून ते खिडकीची तावदानं करतात. कल्पना त्यांना कुठंही सुचते. तलावाकाठी फिरताना पाण्यात पडलेले दिवे बघत ते मधेच उभे राहतात. मागचा सायकलवाला "यल्ला, हबीबी!" म्हणत पुढे चला म्हणून ओरडतो. काका त्यालाच थांबवतात, "रुको भाई, कलर देखो!"

तावदानं सुरेख होतात. अडतं फक्त हिरव्या बांगड्यांपाशी. बांगडीची काच आणि तावदानाची काच निवताना सारखी आकसत नाही, त्यामुळे दर वेळी तडा जातो.

"टेम्परेचर चुकलं. नेक्स्ट टाइम, इन्शाल्ला."

"अहो, दुकानात हिरवी काच मिळते की!" मी एकदा म्हणाले.

"मिळते हो. पण ती आईच्या पेटीतली नाही ना."

मग त्यांनी कपाटातून लाकडी पेटी काढली. त्यांची आई कासारीण, बाजाराच्या गावी जाऊन बायकांना बांगड्या भरायची. ती गेली तेव्हा काका इथं साइटवर अडकले होते. पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. पेटीच्या तळाशी थोड्या हिरव्या बांगड्या तेवढ्या उरल्या होत्या. त्यांचं तावदान करायचं आणि सकाळच्या उन्हात तो हिरवा रंग घरभर पडलेला बघायचा, एवढंच त्यांना हवं होतं. त्या बांगड्या संपल्या की संपल्या, म्हणून सरावाला आमच्या फुटक्या. मला फार वाईट वाटलं.

परवा काकांनी धीर करून पेटीतल्या काही बांगड्या भट्टीत लावल्या. भट्टी निवल्यावर मला हाक मारली आणि झाकण उघडलं. तावदान मधोमध तडकलं होतं.

"खलास," काका म्हणाले आणि झाकण लावून टाकलं.

नंतर उरलेल्या बांगड्या पेटीसकट घेऊन आमच्याकडे आले. मला वाटलं, आता यांचीही आहुती पडणार. पण ते माझ्यासमोर मांडी घालून बसले. "वहिनी, हात द्या."

माझा अंगठा आत दुमडत ते पुटपुटले, "सैल सोड गं बाय, माहेरी आल्यागत." हे बोलणं त्यांचं नव्हतं. एकेक बांगडी अलगद मनगटावर आली. इथं आल्यापासून मी बांगड्या साबण लावून स्वतःच चढवते. माझे डोळे भरून आले.

बांगड्या भरल्यावर कासाराला नमस्कार करायचा असतो, म्हणून मी वाकले. काकांनी घाईघाईनं पाय मागं घेतले आणि रिकामी पेटी माझ्यापुढे सरकवली.

"मला नको. तिला करा."