नवरी कुठलीही असो, लासुर्ण्यालाच पाठवावी

कळसचा गेणबा, वय अडुसष्ट, धंदा गाणी, हा ग्रामीण नाही असा निर्णय गेल्या माघात वालचंदनगरला भाड्याने घेतलेल्या एका खोलीत झाला. निर्णय एकमताचा होता. 'ढेकूळ पिक्चर्स' ही पुण्याची कंपनी 'सूर गेला उसात' नावाचा विनोदी चित्रपट काढत होती. खेड्यातल्या भोळ्या गायकांना गाण्याच्या कंपन्या कशा नागवतात, हा त्याचा विषय. भोळ्या गायकाच्या कामाला खराखुरा माणूस मिळतो का बघावं, म्हणून गेणबाला बोलावलं होतं. तो इस्त्रीचा पायजमा घालून, मनगटावर घड्याळ बांधून, वेळेच्या पाच मिनिटं आधी हजर झाला. तिथंच त्याचं निम्मं ग्रामीणपण गेलं.

"बोला काहीतरी," दिग्दर्शक दिग्विजय म्हणाला.

"काय बोलू, साहेब? च्या घेतला का तुमी?"

"असं नाही हो. गावाकडचं बोला. मोठ्यानं. मधे मधे एखादी शिवी टाका."

"बायामाणसांम्होरं?" गेणबा दचकला. कारण कंपनीच्या करारांचं काम बघणारी रेश्मा शेजारीच बसली होती.

दिग्विजयनं कागदावर फुली मारली. काम पुण्यातल्या एका नटाला गेलं. त्यानं तीन दिवस उसाच्या फडात 'ग्रामीण कार्यशाळा' केली, चौथ्या दिवशी पाचट लागून अंगभर खाज सुटली, आणि तेवढ्यावर त्याला ग्रामीण ठरवण्यात आलं.

गेणबा पसंत पडला नाही, पण जाता जाता त्यानं म्हटलेलं एक गाणं पसंत पडलं.

"लेक निघाली लासुर्ण्याला, गाईला सांगू नका, दावं तोडून धावंल मागं, गोठ्यात दिवा लावू नका." सत्तावीस वर्षांपूर्वी स्वतःची लेक छकुली लासुर्ण्यात दिली, तेव्हा पाठवणीच्या वेळी गेणबानं हे उभ्या उभ्या रचलं होतं. पुढं आसपासच्या दहाबारा गावांत या गाण्याशिवाय नवरी गाडीत बसेनाशी झाली. त्याची एक रीत होती. मांडवात शिरला की तो आधी नवरीच्या चुलत्याला गाठायचा, सासरचं गाव विचारायचा आणि लासुर्ण्याच्या जागी ते बसवायचा. भिगवण पटकन बसायचं, निमगाव केतकीला जरा दामटावं लागायचं. बाया नेमक्या त्या नावापाशी रडायच्या. गावाचं नाव कानावर पडेपर्यंत लेक खरंच चालली हे आईच्याही ध्यानात येत नाही, असं गेणबाचं म्हणणं होतं, आणि ते खरं होतं.

रेश्मा कॅमेरा घेऊन कळसला घरी आली. सरुबाईनं, म्हणजे गेणबाच्या बायकोनं, पोहे केले. पोहे संपल्यावर रेश्मानं विचारलं, "काका, हे गाणं कुणाचं?"

"माझं कसलं, ताई? गावाचं गाणं. आमी निस्तं तोंड."

"म्हणजे मालक असा कुणी नाही?"

"तुमचंच समजा की!" गेणबा हात जोडून म्हणाला.

आता आपल्याकडं पाहुण्याला 'घर तुमचंच हाय' म्हणायची रीत आहे. आजवर एकाही पाहुण्यानं त्यावर सातबारा मागितला नव्हता. चार माणसांत 'हे मी केलं' म्हणणाऱ्याला गाव आगाऊ म्हणतं, म्हणून गेणबा सत्तावीस वर्षं हेच वाक्य म्हणत आला होता. फरक इतकाच की या वेळी ते वाक्य वकिलाकडं गेलं. नोंदणीच्या अर्जात लिहिलं गेलं: मूळ कवी, गाव. हक्कधारक, ढेकूळ पिक्चर्स. हस्तांतरण, स्वखुशीने, हात जोडून.

चित्रपट लागला. कळसची माणसं दोन टेंपो करून बारामतीला गेली. पडद्यावरचा गायक धोतराचा एक सोगा वर खोचून आला, माईकला नमस्कार करून त्यावर नारळ फोडला, आणि 'लेक निघाली लासुर्ण्याला' म्हणत शेणावरून घसरला. मागं ढणढण बीट. थिएटर लोळून लोळून हसलं. पहिला अर्धा तास गेणबाही हसला, कारण हे दुसऱ्या कुणाबद्दल आहे असा त्याचा समज होता. शेवटी पडद्यावर पाटी आली, 'मातीतल्या कलावंताला त्याचा हक्क मिळो'. लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. पुण्यात म्हणे त्या जास्त वेळ वाजल्या, तिथं पार्किंगची घाई नसावी.

त्यानंतरच्या पहिल्याच लग्नात, निमगावला, गेणबा गायला. कुणीतरी व्हिडिओ टाकला. दोन तासांत तो हक्कभंगाच्या कारणानं उडाला आणि मंगल कार्यालयाच्या मालकाला नोटीस आली. मालक हात जोडून म्हणाला, "आबा, तुमी गा, पर कागद आणून गा."

गेणबानं रेश्माला फोन लावला.

"ताई, माझंच गाणं म्हणायला परवानगी पायजे हुती."

"नक्की मिळेल, काका! स्थानिक कलावंतांसाठी आमची खास योजनाच आहे. फक्त एक अट. शब्द नोंदणीकृतच हवेत. फेरफार चालणार नाही."

"आवं, पर नवरी भिगवणला निघाली आसंल तर?"

"नवरी कुठंही जाऊ दे, काका. गाण्यात ती लासुर्ण्यालाच जाईल."

कागद आला. त्यावर शिक्का होता, आणि शिक्का बघितला की आपली माणसं शंका विचारत नाहीत. त्या हंगामात तालुक्यातल्या यच्चयावत नवऱ्या लासुर्ण्याला पाठवण्यात आल्या. दौंडला दिलेल्या, करमाळ्याला दिलेल्या, एक तर दुबईला नोकरी करणाऱ्याला दिलेली, सगळ्या लासुर्ण्याला. एका नवरीच्या बापानं गाडी हलायच्या आत जावयाला बाजूला घेऊन पत्ता पुन्हा विचारून घेतला. लासुर्ण्याच्या सरपंचाला अभिनंदनाचे फोन येऊ लागले, आणि सरपंच माणूस असल्यानं त्यानं ते स्वीकारले. बायांचं रडणं मात्र थांबलं. गाव आपलं नव्हे म्हटल्यावर रडायचं कशाला? त्या ठेका धरू लागल्या.

मग छकुलीच्या राजेश्वरीचं लग्न ठरलं. नात लासुर्ण्यातच जन्मलेली, लासुर्ण्यातच वाढलेली, आणि दिलेली भिगवणला. आदल्या दिवशी गेणबा कागदाची घडी खिशात घालू लागला, तसं सरुबाईनं तो काढून घेतला.

"हे राहू द्या घरी. पोरीला लासुर्ण्यातनं उचलून लासुर्ण्यालाच धाडता व्हय? लाज हाय का न्हाय कायी?"

गेणबाला लाज होती. म्हाताऱ्याजवळ आता दुसरं काही उरलंही नव्हतं. हे एक गाणं नातीला तिच्या गावाचं नाव घालून म्हणायचं, मग कंपनी फाशी देवो, असं त्यानं ठरवलं.

पाठवणीला तो उभा राहिला. समोर शेदीडशे मोबाईल वर झाले. त्यानं डोळे मिटले आणि सुरुवात केली, "लेक निघाली भिगवणला..."

"चुकलं!" मागून कुणीतरी ओरडलं.

"आबा, लासुर्णं हाय तितं! पिक्चर बघितला न्हाय का?"

"वय झालं आता. इसरतंय म्हातारं."

वऱ्हाड फिदीफिदी हसलं. गेणबानं पुन्हा पहिल्यापासून धरलं, पुन्हा भिगवण म्हटलं, आणि हशा दुप्पट झाला. नवरदेवाचा मामा समजूतदार होता. म्हाताऱ्याची आणखी शोभा नको म्हणून त्यानं हात वर केला, "आवं, ओरिजिनल लावा की!" स्पीकरवर ओरिजिनल लागलं. मांडव नाचू लागला. भिगवण शब्द एकट्या राजेश्वरीला भिडला होता आणि ती आजोबाच्या खांद्यावर डोकं ठेवून रडत होती. मैत्रिणींनी तिला 'मेकअप जाईल' म्हणत ओढून नाचायला नेलं. गेणबा माईक हातात धरून तसाच उभा राहिला. तो बंद केलेला आहे हे त्याला कुणी सांगितलं नाही.

'स्वतःच्या नातीच्या लग्नात गाणं विसरलेले आजोबा' हा व्हिडिओ आठवड्यात नऊ लाख लोकांनी पाहिला. तो मात्र उडाला नाही. कंपनीनं सद्भावनेनं राहू दिला.

गेणबाचा जावई विजयसिंह, म्हणजे नवरीचा बाप, मोबाईल घेऊन कळसला आला. गेणबानं डोळ्यांजवळ नेऊन बघितलं. खाली हसून हसून डोळ्यांत पाणी आलेल्या पिवळ्या तोंडांची रांगच्या रांग होती.

"जावयबापू, ही समदी कोण माणसं?"

"प्रेक्षक, मामा. शिकल्यासवरल्याली माणसं हायत."

"मग ह्यातल्या एकानं तरी लिवलं आसंल की. नवरी भिगवणलाच चालली हुती म्हणून."

विजयसिंह अंगठ्यानं एकेक नाव वर सरकवत शोधू लागला. सरुबाईनं ठेवलेला चहा निवून गेला. मध्येच एक नाव आलं, फोटोतला चेहरा वाचणारा-लिहिणारा दिसत होता, म्हणून त्याला जरा आशा वाटली आणि तो थांबला. ते नाव तुमचं होतं. तुम्हीही हसणारं तोंडच टाकलं होतं.