'सात गावची सून' आणि तिचे निर्माते

स्वतःच्या अधःपतनाची कथा स्वतःच्याच आवाजात, आधी मिठाच्या पाण्याने गुळण्या करून, रेकॉर्ड करणारा माणूस तुम्ही कधी पाहिलाय का? नसेल तर केजला या. आमच्या गल्लीत लिंबाजीतात्या राहतात. सकाळी आठच्या सुमारास त्यांच्या खिडकीखालून गेलात तर आतून खोल आवाज येईल, "आणि मग काळाने कूस बदलली." घाबरू नका, कुणी गेलेलं नाही. तात्यांच्या माहितीपटाचं निवेदन चाललंय.

माहितीपटाचं नाव 'एका निर्मात्याचा उदय आणि अस्त'. निर्माता तेच, निवेदक तेच, आणि ज्याचा अस्त झाला तेही तेच. कॅमेरा म्हणजे जावयाने दिलेला मोबाइल, आणि तो धरायला मी. एरवी तात्या गल्लीतल्या कुणासारखंच बोलतात. पण मोबाइल समोर आला की त्यांच्या अंगात जुन्या सरकारी बातमीपटातला माणूस येतो. एकदा निवेदनाच्या नादात चहा गार झाला. कपावरची साय बोटाने बाजूला सारत ते त्याच आवाजात म्हणाले, काळाने कूस बदलली.

मला ते पत्रकबाई म्हणतात. मी पत्रकं वाचत वाढले आणि पुढे लिहायला लागले. पाणी, रेशन, वसतिगृह, जे पेटलेलं असेल त्यावर. मोबाइल धरायला मी एका अटीवर तयार झाले. खोटं चालणार नाही. तात्यांचीही एकच अट होती. दसऱ्याच्या आत काम झालं पाहिजे, टोळ्या ऊसतोडीला निघायच्या आत. टोळ्यांतल्या माणसांनी तो बघितलाच पाहिजे. मला वाटलं, मिरवायला प्रेक्षक हवेत, दुसरं काय?

उदयाची हकिकत अशी. वीस-बावीस वर्षांपूर्वी मोठा दुष्काळ पडला. सात गावांचा मिळून सहकारी दूध संघ होता आणि तात्या त्याचे चेअरमन. संघाला इमारत होती, शिक्का होता, चेअरमनला गोल फिरणारी खुर्ची होती. नव्हतं ते फक्त दूध. जनावरं चारा छावणीत आणि माणसंही जनावरांपाशी तिथेच. दुसरा कुणी कुलूप लावून घरी बसला असता. तात्या संघाचे पोटनियम वाचत बसले. शेवटच्या ओळीत त्यांना सापडलं, 'व इतर पूरक उद्योग'. पिच्चर हा दुधाला पूरक न्हाई असं कुठं लिवलंय, असं त्यांनी भर सभेत विचारलं. कुठेच लिहिलेलं नव्हतं. ठराव मंजूर झाला.

अशा रीतीने 'सात गावची सून' या चित्रपटाचा जन्म झाला.

निर्मिती सहकारी, त्यामुळे कथाही सहकारी. प्रत्येक प्रसंग सर्वसाधारण सभेपुढे जायचा. आमच्या गावचा खलनायक दाखवायचा नाही, असं सातही गावांनी लेखी कळवलं. मग तो शेजारच्या जिल्ह्यातला ठरला. म्हणून या चित्रपटातला खलनायक दर वेळी एसटीने येतो, अन्याय करतो आणि शेवटची गाडी चुकायला नको म्हणून लगबगीने निघतो. एका प्रसंगात तर अन्याय अर्धाच राहिलाय.

नायिका शेवटी विहिरीत जीव देते, असं लेखकाने लिहिलं होतं. एक म्हातारे उठले आणि विहिरीत पाणी हाय का, एवढंच विचारून खाली बसले. नव्हतं. बुडून मरता येईल अशी एकही विहीर सात गावांत उरलेली नव्हती. नायिका आवाजी मतदानाने वाचली. श्रेयनामावलीत सूचक आणि अनुमोदक यांची नावं आहेत. सहकारात सभासदांचं इतकं कुणी ऐकल्याचं मी तरी दुसरं उदाहरण पाहिलेलं नाही.

मग शेवट काय ठेवायचा? टँकर येतो आणि सगळं गाव घागरी घेऊन धावतं, असा ठरला. गर्दी छावणीत तयारच होती. भर उन्हाळ्यात ती माणसं सात वेळा धावली, तीही रिकाम्या टँकरमागे. मोबदला म्हणून माणशी बिस्किटाचा एक पुडा. हे ऐकल्यावर मी मोबाइल खाली ठेवला.

"हे निवेदनात येणार का, तात्या?"

"काय?"

"माणसं फुकट राबवली ते."

"येऊ दे की." तात्या जराही डगमगले नाहीत. "पुडा ग्लुकोजचा हुता, ते बी येऊ दे."

आता अस्त. तात्यांच्या मूळ निवेदनात या भागात नियती होती, अदृश्य शक्ती होत्या, मुंबईचे बडे निर्माते होते. खरा घोटाळा एका वाक्यात सांगता येतो. तात्यांनी चित्रपट दिवाळीला लावला. का, तर मोठे पिच्चर दिवाळीला लागतात. मोठे पिच्चर ज्या शहरांत लागतात तिथली माणसं दिवाळीला घरी असतात, हे त्यांच्या लक्षात आलं नाही. आमच्याकडे दसरा झाला की ट्रक लागतात आणि कोयते, संसार, शेरडं घेऊन अर्धा तालुका कारखान्यांच्या वाटेला लागतो. ज्यांनी टँकरमागे धाव घेतली होती ती सगळी माणसं प्रदर्शनाच्या दिवशी उसाच्या फडात होती. चेअरमन याच मातीतले आणि चूक मुंबईची. तारीख मी ठरवली, हे एवढं वाक्य निवेदनात आणायला मला चार दिवस भांडावं लागलं.

चित्रपट साडेतीन दिवस चालला. उरलेला अर्धा दिवस वीज गेली. पुढच्या वर्षी पाऊस झाला, दूध आलं आणि निवडणुकीत तात्या पडले.

मधले तीन महिने मात्र निवेदनात कुठेच नव्हते. 'निर्माते अज्ञातवासात गेले', एवढंच. गावाचं म्हणणं साधं होतं की तात्या हिरोइनबरोबर मुंबईला पळाले. पानाच्या टपरीवर अजूनही हा विषय निघाला की तात्या मिशीवरून बोट फिरवतात, नाही म्हणत नाहीत. मला हा प्रकार अजिबात पटत नव्हता. घरातल्या काकूंचा विचार करा, खरं काय ते सांगा, नाहीतर मोबाइल दुसऱ्या कुणाला धरायला सांगा, असं मी त्यांना बजावलं.

तात्यांनी टीव्ही लावला आणि 'सात गावची सून'ची सीडी घातली. भर दुपार होती, पत्रा तापला होता. त्यांनी चित्रपट पुढे पळवत टँकरपर्यंत आणला आणि आवाज बंद केला. पडद्यावर धूळ उडाली. घागरी, हंडे, कडेवरची पोरं. तात्या उठून टीव्हीपाशी गेले आणि एकेका चेहऱ्यावर बोट ठेवायला लागले.

"ही कौसाबाई. ही तिची जाऊ. हा इठ्ठल, पायात काटा हुता तरी पळाला. ही शेवंता, पाचवा महिना हुता तिला, मला मागनं कळलं. हा रहीमभाई..."

एकही चेहरा सुटला नाही. मी मोबाइल सुरू करायला विसरले.

मग तात्या स्वतःहून सांगू लागले. थेटरात तेव्हा म्हातारी माणसं होती आणि त्यांच्यापाशी मागे ठेवलेली लेकरं. लेकरं दोन तास खारे दाणे खात, मारामाऱ्या करत बसायची. टँकर आला की पडद्यावर आया दिसायच्या, आणि पोरं पडद्याकडे पळत सुटायची. थेटरवाला वैतागला. तात्यांना मात्र ते बघवेना. त्यांनी चौथ्या दिवशी मशीन आणि रिळं टेम्पोत घातली आणि टोळ्यांच्या मागावर निघाले. हा कारखाना, तो कारखाना, नदीपलीकडचा फड. मुंबई त्या वाटेवर लागतही नाही.

"मग दाखवला पिक्चर?"

"दावला. त्यांच्या पाचटाच्या कोप्यांम्होरं, दोन बैलगाड्यांना पडदा बांधून. मुकादम म्हणला, चेअरमन, आमच्या मानसांचा तेवढा तुकडा आधी दावा, दमल्यात ती. मी म्हणलं, पिच्चर असा मधूनच बघत नसत्यात." तात्या खाली बघत राहिले. "कौसाबाई पुढंच बसलती. मला म्हणली, मी हाय का यात? म्हणलं, हाय की, दम धर जरा. टँकर आला तवा ती बसल्या जागी झोपलती. समदीच झोपलती. मी आन मशीनवाला, दोघंच जागे."

"उठवायचं ना तिला."

"पहाटं तीनला फडात जायचं हुतं तिला. कशापायी उठवू?"

बाकीच्या टोळ्यांतही असंच झालं. तीन महिने तात्या फिरले, आणि तीन महिने चित्रपट पहिल्यापासूनच दाखवत राहिले. ती त्यांची अक्कल. परत आल्यावर गावाने हिरोइनचं नाव घेतलं तेव्हा त्यांनी ते राहू दिलं. माणसं झोपली, हे सांगण्यापेक्षा ते सोपं होतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही माहितीपटाची सुरुवात बदलली. जन्म काढला, बालपण काढलं, दूध संघ मागे नेला. आता सुरुवातीलाच टँकर येतो. दोन मिनिटं. त्यावर तात्यांचा आवाज, आणि निवेदनात नुसती नावं. पुढचं सगळं अजून अर्धवट आहे. दसऱ्याआधी जमेल तितकी गावं आम्ही मोबाइल घेऊन फिरलो. शेवंताबाईंनी स्वतःला तीनदा बघितलं आणि विचारलं, लुगडं कुणाचं नेसले हुते गं मी? इठ्ठलरावांनी काटा कुठल्या पायात होता ते दाखवलं. रहीमभाई राहिले नाहीत. त्यांच्या लेकीने तो तुकडा स्वतःच्या मोबाइलमध्ये घेतला.

कौसाबाई सापडल्या नाहीत. घर बंद होतं, अंगणात बाभूळ वाढली होती. त्या कारखान्याच्या भागातच कायमच्या राहिल्या, एवढं शेजाऱ्यांना माहीत होतं. कुठला कारखाना, हे कुणालाच सांगता आलं नाही. तेवढ्यात दसरा झाला, ट्रक लागले आणि टोळ्या निघून गेल्या.

म्हणून हे लिहितेय. तुम्ही उसाच्या पट्ट्यात राहत असाल तर एवढं करा. तुमच्या शिवारात उतरलेल्या टोळीत जा आणि केज भागातल्या कौसाबाई कुणाला माहीत आहेत का, विचारा. वय साठीच्या पुढे, हनुवटीवर तीन ठिपक्यांचं गोंदण. त्यांना विचारा, छावणीत असताना तुम्ही कधी रिकाम्या टँकरमागे पळाला होता का. हो म्हणाल्या, तर केजच्या स्टँडवर कुणापाशीही लिंबाजीतात्यांच्या नावाने निरोप ठेवा. तात्या येतील. आणि मुकादमाला आधीच सांगून ठेवा, त्या दिवशी भर उजेडात दोन मिनिटं कोयते खाली राहतील.